नकाशाच्या सामूहिक चाचणीत कोणी काय पाळावे?

परळकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आम्ही मुंबई-ठाण्यातले वीस-बावीस जण दर रविवारी रात्री नऊ वाजता एकत्र येतो आणि 'टीम फोर्ट्रेस २' या दोन संघांच्या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळासाठी आपापल्या घरी बनवलेल्या नकाशांची, म्हणजे खेळाच्या मैदानांची, चाचणी घेतो. गेल्या रविवारी पहिल्यांदाच माझ्या नकाशाची पाळी होती. समोरासमोर दोन तीनमजली चाळी, मधे चौक आणि चौकातल्या नळापाशी ताब्यात घ्यायची जागा, असा तो 'किंग ऑफ द हिल' प्रकारचा, म्हणजे दोन्ही संघ एकाच जागेच्या ताब्यासाठी झुंजतात असा, नकाशा आहे. भिंतींवर अजून करडे आणि नारिंगी तात्पुरते टेक्स्चरच (पृष्ठभागावर चढवायची चित्रे) आहेत.

खेळ सुरू होऊन सात मिनिटे झाली असतील, तोच एकाच संघातले चार जण न सांगता निघून गेले आणि पुढचा डाव एकतर्फी झाला. एकाने माइकवर 'यात काही दम नाही' एवढेच सांगितले, तर दोघे जण नळापाशी नाचत उभे राहिले. मात्र माझेही वागणे मला खटकते आहे. प्रत्येक आक्षेपाला मी तिथल्या तिथे उत्तर देत होतो, कारण गॅलरी इतकी लांब का ठेवली आहे हे सर्वांना कळावे असे मला मनापासून वाटत होते. चाचणीला येणाऱ्यांकडून किती अपेक्षा ठेवावी, ती त्यांना न दुखावता कशी सांगावी आणि नकाशा बनवणाऱ्याने चाचणीदरम्यान बोलावे की नाही, याबद्दल अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चौथा_मजला यांचे उत्तर

परळकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. चाचणी चालू असताना नकाशा बनवणाऱ्याने बोलू नये.

रविवारी मी तुमच्या नकाशावर होतो. पहिल्या डावात मला वरच्या मजल्यावर जाणारा जिना सापडला नाही. मी दोनदा चाळीच्या मागच्या भिंतीपर्यंत धावत गेलो, तिथे कोपरा पाहून परत फिरलो आणि दोन्ही वेळा चौकात मारला गेलो. तेवढ्यात तुम्ही माइकवर 'जिना उजवीकडे, मोरीच्या मागे आहे' असे सांगितले. तुम्ही ते मदतीच्या भावनेनेच सांगितलेत, पण त्या क्षणी माझ्याकडून तुम्हाला मिळण्यासारखी सर्वांत मोलाची माहिती संपली. कोणताही खेळाडू एखादा नकाशा पहिल्यांदा एकदाच पाहतो. पुढच्या रविवारी जिन्याशी दिवा लावून तुम्ही मला विचाराल की आता जिना सापडतो का, तेव्हा मला खरे उत्तर देता येणार नाही, कारण मला तो आधीच ठाऊक असेल. नकाशा उद्या अनोळखी सर्व्हरवर गेला, तर तिथे प्रत्येकाच्या कानाशी तुम्ही नसणार.

गॅलरीचेही तसेच झाले. एका टोकाच्या स्नायपरला दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिसते, हे तिघांनी सांगितले आणि तिघांनाही तुम्ही खऱ्या चाळीची गॅलरी तशीच असते हे समजावून दिलेत. चौथ्याला तेच सांगायचे होते, पण तो गप्प बसला, आणि तो चौथा मीच. आपल्याकडे नाटकाच्या तालमीत प्रवेश चालू असताना कोणी मधे बोलत नाही, पडदा पडल्यावर वहीतल्या नोंदी वाचल्या जातात. आपणही ते पाळावे. डेमो (नंतर पुन्हा पाहता येणारी खेळाची नोंद) रेकॉर्ड करावा, तक्रार लिहून घ्यावी, 'तेव्हा तुम्ही कुठे होतात?' एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत द्यावे.

दादर_पश्चिम यांचे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु चाचणीला येणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. लोक निघून जातात त्यामागे पुष्कळदा उद्धटपणापेक्षा कंटाळा असतो, आणि त्या कंटाळ्याचे कारण बनवणाऱ्याच्या अपुऱ्या तयारीत असते.

काही महिन्यांपूर्वी एका सभासदाने नऊ वाजून पाच मिनिटांनी फाइल पाठवली. त्यांनी नवे टेक्स्चर नकाशाच्या फाइलमध्ये पॅक केले नव्हते, त्यामुळे त्यांच्या संगणकावर सगळे नीट दिसत होते आणि आम्हाला सर्वत्र जांभळे-काळे चौकडे दिसत होते. त्यांनी दुरुस्ती केली, पण फाइलचे नाव तेच ठेवले, म्हणून ज्यांच्याकडे जुनी फाइल होती त्यांना सर्व्हर 'तुमचा नकाशा वेगळा आहे' असे सांगून आत घेईना. मेगाब्लॉकमधून धक्के खात घरी पोहोचून, जेवण बाजूला ठेवून बसलेले वीस लोक पाऊण तास ताटकळले. नावापुढे ए१, ए२ (अल्फा, म्हणजे कच्च्या आवृत्त्या), मग बी१ (बीटा, म्हणजे त्यापुढची) असे आवृत्तीचे क्रमांक लावण्याची रूढी निव्वळ हौसेची नाही, तिने हा घोळ टळतो. शनिवारी रात्री सर्व्हरवर नकाशा चढवून एकट्याने एक फेरी मारावी आणि शक्य झाल्यास दुसऱ्या एखाद्याच्या संगणकावरूनही तपासावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

येणाऱ्यांनीही आपण किती वेळ थांबणार हे सुरुवातीलाच सांगावे. अर्धाच तास असेल तर त्यात कमीपणा नाही, मात्र जायचे ते डाव संपल्यावर. तक्रार करताना कोपऱ्यात जागेचे आकडे दिसतील असा स्क्रीनशॉट द्यावा, म्हणजे 'तिकडे डावीकडे अडकतो' यावरून कोणाला शोधाशोध करावी लागणार नाही.

लोअर_परळ यांचे उत्तर

मी थोडी असहमती नोंदवते. 'यात काही दम नाही' हे वाक्य वाईट रीतीने उच्चारले गेले, तरी ते टाकून देऊ नये. ज्यांनी ते म्हटले त्यांना मी नंतर विचारले, तेव्हा कळले की मरून परत आल्यावर नळापर्यंत पोहोचायला त्यांना फार वेळ लागत होता आणि वाटेत करण्यासारखे काही नव्हते. ही अगदी नेमकी तक्रार आहे, पण नव्या सभासदाला ती शब्दांत मांडता येत नाही. 'तुम्हाला कंटाळा कुठे आला?' असे आपण जुन्यांनी विचारायला हवे.

दुसरे म्हणजे, ज्याला आपल्या नकाशाची चाचणी हवी आहे त्याने आधी किमान दोन रविवार इतरांच्या नकाशांवर पूर्ण वेळ खेळावे, असा नियम आपण लेखी करावा. निघून गेलेल्या चौघांपैकी दोघांचे नकाशे पुढच्या महिन्यात रांगेत आहेत, हे मला मनापासून खुपते.

परळकर यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौथा_मजला, मी डेमो पुन्हा पाहिला; तुम्ही मागच्या भिंतीशी थांबून वर पाहता ते स्पष्ट दिसते, आणि नेमका तिथेच माझा आवाज येतो. क्षमस्व.

जिना आता चौकातूनच दिसेल असा पुढे आणला आहे. गॅलरीची लांबी तशीच ठेवली आहे, पण मध्यावर पाण्याची तीन पिंपे रचली आहेत, जशी आमच्या मजल्यावर असतात, त्यामुळे एका टोकावरून दुसरे टोक दिसत नाही. संघांच्या आरंभाच्या खोल्याही नळाच्या जवळ घेतल्या आहेत. निघून गेलेल्यांपैकी एकाने वैयक्तिक निरोपात कळवले की त्यांचे बाळ जागे झाले होते. बाकीच्यांना मी नियमाचा मसुदा पाठवून त्यांचे मत विचारले आहे.

ए२ ही आवृत्ती शनिवारी संध्याकाळी सर्व्हरवर चढवतो. माझा नकाशा पूर्वी न पाहिलेल्या दोन-तीन जणांना कोणी सोबत आणू शकले तर फार उपकार होतील, आणि कृपया त्यांना जिन्याबद्दल काही सांगू नका.