चित्र स्वच्छ झाले, रेषा कुठे गेली?

दांडियाबाजारकर

मुलांसाठी घरी आणलेल्या ॲनिमेशनपटाच्या डिस्कची प्रत कशावरून ठरवावी, याबद्दल बडोद्यातील जाणकारांची मते हवी आहेत. माझे मत आधीच सांगतो. चित्र जितके नितळ तितकी प्रत चांगली, हा समज हाताने रेखाटलेल्या चित्रपटांना लागू पडत नाही.

डिस्नेचा १९६३ चा 'द स्वोर्ड इन द स्टोन' घ्या. एक पोरका मुलगा आणि मर्लिन जादूगार यांची ही साहसकथा २०१३ मध्ये पन्नाशीनिमित्त ब्लू-रेवर आली. रंग ठसठशीत, ओरखडा एकही नाही, चित्र जराही हलत नाही. पण दाणेदारपणा, म्हणजे फिल्मवरच्या बारीक ठिपक्यांची वळवळ, काढण्याच्या नादात पेन्सिलीचे बारीक फटकारे पुसले गेले असून, ज्या रेषा उरल्या त्या ओल्या बोटाने फिरवल्यासारख्या दिसतात. हा दोष या चित्रपटात अधिक खुपतो, कारण १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'पासून चित्रकाराचे रेखाटन शाईने पुन्हा गिरवण्याऐवजी झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेल या पारदर्शक तावावर उतरवले जाऊ लागले होते, आणि त्यामुळे त्याच्या हाताचा कंप, खोडून राहिलेली रेघ, सारे पडद्यापर्यंत पोचत होते. नेमके तेच पुसायचे आणि वर त्याला 'पुनरुज्जीवन' म्हणायचे?

फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रे पाहिलेल्या माणसाला भिंतीवरचा गुळगुळीत ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची छापील नक्कल, जसा वाटतो, तशी मला ही डिस्क वाटते.

अलकापुरीकर

आपला आवेश समजतो, पण युक्तिवादाच्या मुळाशी एक गल्लत आहे. दाणे चित्रकाराने काढलेले नाहीत. त्याच्या रेखाटनाच्या सेलवर सपाट रंग भरला गेला, पार्श्वभूमी दुसऱ्या कलावंताने रंगवली आणि मग हे सारे कॅमेऱ्याखाली ठेवून फिल्मवर टिपले गेले. त्या काळी डिस्नेकडे एकेक चौकट, म्हणजे फिल्मवरचे एकेक चित्र, लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीनदा कृष्णधवल फिल्मवर घेण्याची पद्धत होती. म्हणजे पडद्यावर जी वळवळ दिसते ती रसायनांची आहे. ती काढून टाकली तर आपण कॅमेऱ्याखालच्या मूळ चित्राच्या अधिक जवळ जातो.

आपण ज्या खडबडीत रेषेचे गोडवे गाता, ती खर्च वाचवण्यासाठी आली होती आणि खुद्द वॉल्ट डिस्ने यांना 'डाल्मेशियन्स'मध्ये ती रुचली नव्हती. निर्मात्याला जे आवडले नाही ते जपण्याचा हट्ट आपण का धरावा?

राहिला ओलिओग्राफ. रविवर्मा सामान्यांच्या देवघरात पोचला तो १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यामुळे. संग्रहालयाचे तिकीट काढून किती जण त्याच्याकडे गेले असते? माझ्या नातवाला मर्लिन स्वच्छ दिसतो, तो खिळून बसतो. कौटुंबिक चित्रपटाच्या डिस्कने याहून अधिक काय करायचे?

दांडियाबाजारकर

काका, दाणे चित्रकाराचे नव्हेत, हे तत्त्व मान्य. पण ते वेगळे काढणारे यंत्र चित्रकाराला ओळखत नाही. सफाईची आज्ञावली शेजारचे ठिपके आणि मागची-पुढची चौकट ताडून पाहते. जे टिकून राहते ते चित्र, जे लुकलुकते तो कचरा, असा तिचा ढोबळ हिशेब असतो. हाताने काढलेल्या दोन सलग रेखाटनांत पेन्सिलीचा बारीक फटकारा एकाच जागी कधीच नसतो, तोही लुकलुकतो. म्हणून यंत्र दाण्यांबरोबर त्यालाही झाडून नेते. आपण म्हणता त्या सेलवर हा फटकारा होता ना? मग डिस्क मूळ चित्राच्या जवळ गेली, असे कसे म्हणता येईल?

वॉल्ट यांची नावड खरी आहे. मात्र त्या नावडीसकट त्यांनी चित्रपट प्रदर्शित केला आणि पुढचाही त्याच तंत्राने केला. शिवाय स्टुडिओचेही मत बदललेले दिसते. १९५० च्या 'सिंड्रेला'ची २०१२ ची ब्लू-रे याच कारणाने टीकेची धनी झाली होती. २०२३ मध्ये तिचे फोर-के, म्हणजे अधिक बारीक तपशिलाचे, पुनरुज्जीवन झाले, तेव्हा रेषांचे हरवलेले तपशील बऱ्याच अंशी परत आले. नितळपणा हाच आदर्श असता, तर हा खटाटोप कशाला झाला असता?

कारेलीबागची ताई

चित्रकलेची विद्यार्थिनी म्हणून एकच मुद्दा मांडते. सेलवरचा रंग हे अंतिम चित्र नव्हतेच, कारण फिल्मवर आणि पडद्यावर तो कसा उतरेल हे डोळ्यांसमोर ठेवून रंग निवडले जात. तेव्हा 'कॅमेऱ्याखालचे मूळ' ही अलकापुरीकरांची कसोटीच मला अर्धी वाटते. मात्र दाणे राखले की काम झाले, असेही नव्हे. रंगांचा समतोल चुकलेली दाणेदार डिस्क मी स्वच्छ डिस्कइतकीच नापसंत करेन.

मांजलपूरवासी

आपण सगळे डिस्कला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत आहात, पण निम्मा गुन्हा टीव्हीचा असतो. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा भडक रंगांच्या मोडमध्ये असतो आणि हालचाल गुळगुळीत करण्याची सोय चालू असते. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकच रेखाटन अनेकदा दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला २४ चौकटी असल्या तरी रेखाटने १२. टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरू लागला की पात्राच्या कडा वितळतात आणि दोष डिस्कवर येतो. ही सोय बंद केल्याशिवाय कोणीही निकाल देऊ नये.

जुनी पाल पद्धतीची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीची, डीव्हीडी असेल तर २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या गतीने धावतो. ७९ मिनिटांचा चित्रपट ७६ मिनिटांत आटोपतो आणि आवाज किंचित चिरका होतो, पण त्याची तक्रार मी अजून कोणाकडून ऐकलेली नाही. हिंदी ध्वनिपट्टीबद्दलही कोणी बोलत नाही. कित्येक डिस्कवर इंग्रजीला अखंड ध्वनी आणि हिंदीला पिळून बारीक केलेला ध्वनी असतो, आणि आपल्या घरांतली लहान मुले ऐकतात ती हिंदी!

अलकापुरीकर

मांजलपूरवासी यांच्या सूचनेप्रमाणे टीव्हीची ती सोय बंद करून पाहिली. कडा सुधारल्या, हे नमूद करतो. फटकारे मात्र परत आले नाहीत, हेही प्रामाणिकपणे लिहितो. तरीही माझा मूळ आक्षेप कायम आहे. आजच्या मुलांची नजर संगणकावर घडलेल्या चित्रपटांवर तयार झालेली आहे. १९९८ च्या 'अ बग्ज लाइफ'ची डीव्हीडी फिल्मला स्पर्श न करता थेट संगणकातील चित्रांवरून बनवली गेली. त्यानंतर वाढलेल्या पिढीला दाणा म्हणजे बिघाडच वाटतो. नातू विचारतो, "आजोबा, हे धुळकट का दिसतंय?" त्याला मी तीन फिल्टरांचा इतिहास सांगत बसू?

दांडियाबाजारकर

सांगावा, काका, मुलांना असल्या गोष्टी आवडतात. संगणकीय चित्रपटांबद्दल मात्र आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे. तिथे फिल्म नाही, म्हणून दाणा नाही, म्हणून माझी कसोटीही लागू नाही. तिथे मी संध्याकाळचे आकाश किंवा धुके असलेला प्रसंग लावतो. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक मूलरंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटच्या चित्रात १०२४. छटा अपुऱ्या पडल्या किंवा चित्राची माहिती दाबून फार लहान केली, की आकाशात पट्टे उमटतात. 'फोर-के' या शिक्क्यावरही जाऊ नये, कारण असे अनेक चित्रपट मुळात टू-केमध्ये, म्हणजे कमी तपशिलात, तयार होऊन नंतर मोठे केलेले असतात. हाताने काढलेल्या चित्रपटासाठी मात्र पात्र धावत असताना चित्र थांबवावे आणि केस, दाढी, झग्याच्या चुण्या पाहाव्यात. रेषा तुटकी पण धारदार असेल तर डिस्क घ्यावी. मेणासारखी असेल तर दुसरी आवृत्ती शोधावी.

अलकापुरीकर

दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा पैसे. त्या चित्रपटाची २०१३ ची डिस्क घरात आहे, नातवाला ती आवडते, आणि मी ती ठेवणार आहे. 'सिंड्रेला'ची नवी प्रत मात्र आपल्याकडे असल्यास एका रविवारी पाहायला येईन.