दिवाळी फराळ आणि घरमालकिणीची विन सांतो

प्रेषक: मृणाल (फ्लोरेन्स)

नमस्कार मंडळी,
घरमालकिणीने काल विन सांतोची (इथली गोड वाईन) अर्ध्या लिटरची बाटली हातात ठेवली, "तुमच्या सणाला उघडा" म्हणाली. शनिवारी फराळानंतर उघडावी म्हणते. गुलाबजामबरोबर चालेल ना? की कांतुच्ची, म्हणजे ती बदामाची कडक बिस्किटं, आणू? ती वाईनमध्ये बुडवून खातात म्हणे. या बाबतीत मी अगदीच ढ आहे.

प्रेषक: शिरीष (प्रातो)

मृणाल, गुलाबजाम मुळीच नको. पाकातलं काही खाल्लं की त्यावर ही वाईन पाणचट आणि आंबट लागते. वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, बाकी नियम विसरलीस तरी चालेल.

आधी लेबल बघ. 'लिक्वोरोझो' लिहिलं असेल तर ती वरून अल्कोहोल घातलेली, स्वस्तातली. तिच्यात कांतुच्ची खुशाल बुडव. नसेल, तर जरा दमानं घे. त्रेब्यानो आणि माल्वाझिया ही पांढरी द्राक्षं चटयांवर पसरून किंवा तुळयांना टांगून पार सुरकुतेपर्यंत सुकवतात. शंभर किलोंमागे वाईन मिळते पस्तीस लिटरच्या आतच. ती छोट्या पिंपांत भरून तोंड बंद करतात आणि पिंपं ठेवतात ती तळघरात नाही, माळ्यावर, थेट कौलांखाली! उन्हाळ्यात आतला रस तापून फसफसतो, थंडीत गप्प बसतो. असं किमान तीन वर्षं. पिंपाच्या तळाशी आधीच्या खेपेचा गाळ राखलेला असतो, त्याला 'माद्रे' म्हणतात, म्हणजे आई. आपलं विरजणच म्हण ना. मी एकदा अशा माळ्यावर चढलो होतो. अक्रोड, मध आणि आजीच्या लाकडी कपाटाचा वास एकत्र येत होता.

कांतुच्ची आमच्या गावची, त्यामुळे मी पक्षपाती आहे. 1858 पासूनच्या मात्तेईच्या दुकानातली, निळ्या कागदातली आणतो. पण चांगल्या विन सांतोची खरी जोडी खारटाशी जमते: मुरलेलं पेकोरीनो (मेंढीच्या दुधाचं चीज), गोर्गोन्झोला (निळ्या बुरशीचं चीज), इथल्या लोकांचे कोंबडीच्या काळजाचे क्रोस्तीनी (भाजलेल्या पावाचे तुकडे). आपल्या फराळातून मी खारे काजू आणि बेताच्या गोडाची शंकरपाळी निवडेन. चकली-चिवडा बाजूला ठेव, तिखटावर अल्कोहोल जास्तच चरचरतं.

प्रेषक: वसुधा (सिएना)

शिरीष, तुझं लेबलपुराण पटलं, पण बुडवण्यावरून एवढा सोवळेपणा कशाला? माझी शेजारीण ऐंशीची आहे, घरचीच उत्तम विन सांतो पिते आणि शेवटचा घोट कांतुच्चीने पुसून खाते. माझी पद्धत अशी: पहिला पेला नुसता, दुसऱ्यात बुडवायचं. शंकरपाळी बुडवायला मात्र खुसखुशीत नको, कडक हवी, नाहीतर तळाशी चुरा. कुणाला पानफोर्ते (सुकामेवा आणि मधाची आमच्या सिएनाची मिठाई) हवं असेल तर मी आणते, मसाला भरपूर असल्यामुळे तेही जमतं.

एक महत्त्वाचं. आपल्यात कडक शाकाहारी मंडळी आहेत. पेकोरीनो आणि गोर्गोन्झोला बहुतेक वेळा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने जमवतात, आणि कांतुच्चीत अंडं असतं. कृपया ताटल्या वेगळ्या मांडा आणि चिठ्ठ्या लावा. मागच्या वर्षी ऐनवेळी एका आजींना घास ठेवून द्यावा लागला होता, ते पुन्हा नको.

प्रेषक: मृणाल (फ्लोरेन्स)

लेबल पाहिलं. लिक्वोरोझो नाही, 2014 ची आहे! घरमालकिणीला दुसऱ्यांदा धन्यवाद देऊन आले.

म्हणजे गुलाबजाम जेवणातच संपवायचे, वाईन त्यानंतर तासाभराने. फ्रिजमध्ये कडक गार करणार नाही, फक्त थोडी थंड. अर्ध्या लिटरमध्ये जेमतेम दहा छोटे पेले होतात, तेव्हा हवी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. काजू आणि शंकरपाळी माझ्याकडे, चीज शिरीषकडे, पानफोर्ते वसुधाताईंकडे. ग्राप्पाचे (इथल्या कडक दारूचे) छोटे ग्लास कुणाकडे आहेत का? माझ्याकडे चहाचे कागदी कप आहेत, पण घरमालकीणही येणार आहे, तिच्यासमोर ते काढवणार नाहीत.