मदत हवी आहे: दोन बिंदूंमधलं अंतर आणि दिशा दोन्ही चुकतंय

दर्याकाठ: पायथनमध्ये हॅवरसाइनचं सूत्र (अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं) लिहिलंय. हर्णै बंदर ते बाबांची माशांची जागा. बोटीवरचं जीपीएस साडेसतरा दाखवतं, माझा कोड ६०! दिशा तर उणे ९९ येतेय. सूत्र चार वेळा तपासलं. १ ऑगस्टला बोट पाण्यात जाईल, त्याआधी हवंय. लवकर सांगा.

कोडवेडा: हॅवरसाइन पृथ्वी पूर्ण गोल धरतं, अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येते. व्हिन्सेंटी वापर, ते सूत्र पृथ्वी ध्रुवांकडे चपटी धरतं.

गुहागरी: अहो, अर्ध्या टक्क्याने साडेसतराचे साठ कसे होतील? बिंदू टाका. साडेसतरा किलोमीटर की नॉटिकल मैल? अंशांचे रेडियन (कोनाचं दुसरं एकक, कोडला तेच लागतं) केलेत का?

दर्याकाठ: रेडियन केलंय हो. एकक जीपीएसवर असतं तेच. बिंदू: १७.४८६, ७३.०६० आणि १७.४००, ७२.५००.

मालवणवाला: जागा सुरमईची का? आमचे आजोबा डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरायचे. अशा दोन जोड्या जुळल्या की जाळं टाकायचं. यंत्र लागायचं नाही.

सागरसाद: होकायंत्राचा चुंबकीय फरक, म्हणजे सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन, धरलात का?

गुहागरी: कोकणात तो एक अंशाहूनही कमी, इथे त्याचा संबंध नाही. दर्याकाठ, तुमचा पहिला बिंदू हर्णै नाहीच, तो आमच्या गुहागरसमोर समुद्रात पडतो! जीपीएसवर १७ अंश ४८.६ मिनिटं असं असणार, तुम्ही मिनिटंच दशांश म्हणून लिहिलीत. मिनिटांना ६० ने भागा: १७.८१, ७३.१०. दुसरा १७.६६७, ७२.८३३. अंतर ३२.४ किलोमीटर येईल, १.८५२ ने भागलं की साडेसतरा नॉटिकल मैल. दिशेचा कोन काढणाऱ्या एटॅन२ फंक्शनचं उत्तर अंशांत केलं की उणे १८० ते १८० मध्ये येतं, म्हणून उत्तरात ३६० मिळवून ३६० ने भागल्यावरची बाकी घ्या.

कोडवेडा: तरी व्हिन्सेंटीच अचूक.

गुहागरी: तीस किलोमीटरवर फरक जास्तीत जास्त दीडशे मीटर. जाळ्याला चालतो.

मालवणवाला: खाली खडक असेल तर दीडशे मीटरही नाही चालत. जाळं फाटतं.

दर्याकाठ: आलं! १७.५ आणि २४१. पण बाबांच्या वहीत पन्नासेक बिंदू आहेत, काही अंश-मिनिटं-सेकंदांत वाटतात. १७ ३५ ४२ म्हणजे ४२ सेकंद की .४२ मिनिटं?

गुहागरी: शेवटचा आकडा ५९ च्या वर गेला तर सेकंद नक्कीच नाहीत. खाली असेल तर नुसतं बघून सांगता येणार नाही. बाबांनी ते पान कुठल्या यंत्रावरून उतरवलं, ते त्यांनाच विचारा.