बाबांशी आता बोलायचं तरी काय? (डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश)

सायली_४४

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. बाबा ७८ वर्षांचे आहेत, तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गोळ्या चालू आहेत, चालणं-फिरणं ठीक, जेवतात स्वतःच्या हाताने, त्या बाजूने तक्रार नाही. माझा प्रश्न गप्पांचा आहे. मी दर शनिवार-रविवार त्यांच्याकडे जाते आणि अर्ध्या तासात आम्ही दोघं गप्प. मी विचारते बाबा आज काय जेवलात, आठवत नाही. काल कोण आलं होतं, आठवत नाही. मग मी अल्बम काढते आणि एकेका फोटोवर बोट ठेवून हे कोण, हे कोण विचारत बसते, एकदोन बरोबर सांगतात आणि मग एकदम चेहरा पडतो. मागच्या रविवारी माझ्याच फोटोवर अडकले. मी म्हटलं बाबा नीट बघा ना, आठवा ना, तर अल्बम मिटला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले ते मी निघेपर्यंत तिथेच. रस्ताभर रडले मी.

३४ वर्षं बँकेत कॅशियर होते, माणूस मुळात भयंकर बोलका. नेटवर बघून मोठ्या रंगीत तुकड्यांचं कोडं आणलं होतं, ते त्यांनी बाजूला सारलं, म्हणाले हे पोरांचं आहे. बरोबरच आहे म्हणा. तुम्ही लोक काय बोलता, काय करता तुमच्या माणसांबरोबर? काहीही सांगा, छोटंसं पण चालेल.

जुना_चष्मा

सायली, तुझ्या बाबांच्याच वयाचा आहे म्हणून एकेरीत लिहितो. माझ्या बायकोला सहा वर्षं झाली या आजाराला. आधी मला अहो म्हणायची, आता काका म्हणते. सुरुवातीला मी रोज सकाळी परीक्षा घ्यायचो, मी कोण सांग, आज वार कोणता सांग, आणि ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत बसायची, नापास झालेल्या पोरीसारखी. एक दिवस तिनेच विचारलं, काका, चुकलं की मारणार का? त्या दिवसापासून बंद.

आता मी प्रश्नच विचारत नाही, मी सांगतो. फोटो घेतो आणि मीच सुरू करतो, या साडीचा रंग काय सुंदर होता, या दिवशी पाऊस काय कोसळला होता आणि माझी चप्पल वाहून गेली. मध्येच ती म्हणते, हो ना, भिजलो सगळे. खरंच आठवतं की माझ्या बोलण्यावरून म्हणते, देव जाणे, मी खोलात जात नाही. हसतो दोघं. कोण कोण आहे फोटोत ते तिला ठाऊक नसलं तरी काही अडत नाही आमचं.

आणि गप्प बसायला घाबरू नकोस. रोज संध्याकाळी मी तिचे केस विंचरतो, वीस मिनिटं, एक शब्द बोलत नाही कोणी. डोळे मिटून बसते. दिवसातली ती सगळ्यात चांगली वीस मिनिटं, तिची पण आणि माझी पण.

हातचं_काम

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, डिमेन्शियाच्या डे-केअरमध्ये बरीच वर्षं काम करते. काकांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे, मी थोडं का ते सांगते.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर बिघडतो, आणि नवीन आठवण साठवायचं काम त्याचंच. म्हणजे सकाळचं जेवण आठवत नाही यात विसरण्याचा भागच नाही, ते नीट साठवलंच गेलं नाही. तेव्हा आज काय जेवलात हा त्यांना विचारायला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि नेमका तोच आपण सगळे पहिला विचारतो. त्यामानाने दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त टिकतात, आणि हाताला बसलेली सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते, ती त्याहून उशिरा जाते. गाण्याचंही तसंच. वाक्य पुरं न करता येणारी माणसं पूर्ण गाणं म्हणतात, हे मी स्वतः कितीदा बघितलंय.

त्यामुळे ३४ वर्षं कॅशियर हे तुम्ही सहज लिहून गेलात ना, मला तरी सगळं तिथेच दिसतंय. कोडं बाजूला ठेवा. नोटांच्या आकाराचे कागद कापा, जाडसर, दोनशे-तीनशे, रबर बँड द्या, ओला स्पंज असलेली डबी द्या. टेबलावर ठेवा आणि म्हणा, बाबा हे जरा मोजून द्याल का, माझं सारखं चुकतंय. मदत मागायची. शिकवायचं नाही, करा म्हणून मागे लागायचं नाही. आणि मोजलेलं चुकलं तर चुकलं, तपासायला बसू नका.

बाकी बोलताना समोरून या, बाजूने किंवा मागून आलात तर दचकतात कारण नजरेचा पट्टा अरुंद होत जातो. बसून बोला. एका वेळी एकच गोष्ट. विचारून झाल्यावर थांबा, मनात दहा आकडे मोजा, आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकतो आणि त्यांचं पहिलं उत्तर वाटेतच असतं. काय घालायचं असं न विचारता दोन शर्ट हातात धरून हा की हा विचारा. टीव्ही बंद. आणि कानाचं मशीन असेल तर त्याची बॅटरी बघा, हसू नका, माझ्याकडे एक आजोबा बोलतच नाहीत म्हणून आले होते आणि मशीन महिनाभर बंद होतं.

तर्कट

सगळं पटलं पण एक शंका आहे. प्रश्नच विचारले नाहीत, आठवायलाच लावलं नाही तर मेंदू आणखी गंजणार नाही का? वापरा नाहीतर गमवा असं म्हणतात ना. आमच्या मावशीला आम्ही रोज तारीख-वार पाठ करून घेतो, ती चिडते पण तिच्या भल्यासाठीच आहे.

हातचं_काम

शंका रास्त आहे, बहुतेक घरांत येते. मेंदूला चालना द्यायची नाही असं कोणी म्हणत नाहीये, फक्त चालना म्हणजे परीक्षा नव्हे. कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी म्हणून एक पद्धत आहे, ब्रिटनमध्ये तिची मोठी चाचणी झाली, २००३ साली निकाल छापून आले, २०१ लोक होते, आठवड्यातून दोनदा असे सात आठवडे, १४ बैठका, गटात बसून गप्पा आणि छोटे खेळ. सौम्य ते मध्यम डिमेन्शियात स्मरणाच्या चाचण्यांमध्ये आणि एकूण जगण्याच्या समाधानात, दोन्हीत फरक दिसला. आणि त्यातला मुख्य नियमच हा की माहिती विचारायची नाही, मत विचारायचं. मताला चूक-बरोबर नसतं. जुना आणि नवा टेलिफोन शेजारी ठेवून हा कुठल्या साली आला असं विचारलं की माणूस आकसतो, यातला कुठला आवडतो विचारलं की पंधरा मिनिटं वाद रंगतो.

मावशी चिडते हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. तारीख हवी असेल तर मोठ्या अक्षरातलं कॅलेंडर भिंतीवर लावा, येताजाता तुम्हीच म्हणा, आज मंगळवार बरं का. झालं.

संध्याकाळची_पाळी

माझा अनुभव सासूबाईंचा. त्यांचं दुपारपर्यंत छान असायचं आणि दिवस मावळायला लागला की दाराशी. मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल. वय ८३, आणि आई जाऊन चाळीस वर्षं झालेली. पहिल्या वेळी मी खरं सांगितलं, अहो आई, त्या नाहीत आता. तर अशा रडल्या जशी बातमी आत्ताच कळली, आणि दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न, मी परत तेच सांगितलं, परत तेच रडणं. मी चार दिवस हे केलं, आज स्वतःचाच राग येतो.

मग नवरा म्हणाला थाप मार, सांग की आई येतायत. ते मला जमेना, आणि त्या दाराशीच बसून राहायच्या वाट बघत. शेवटी एक दिवस मी वैतागून शेजारी बसले आणि विचारलं, आई कशा होत्या हो तुमच्या? आणि पाऊण तास. आईचे हात कसे खरखरीत होते, उशीर झाला की कशी ओरडायची, अंधारात कंदील घेऊन कशी उभी राहायची. घरी जायचं राहूनच गेलं. रोज चालतं असं नाही, कधीकधी चप्पल घालून सरळ दोन चकरा मारून येतो आम्ही, आणि आलो घरी म्हणून आत येतो. तेव्हापासून साडेचारलाच घरातले सगळे दिवे लावते, त्यानेही बराच फरक पडला.

आणि हो, त्यांना टॉवेलच्या घड्या घालायला देते. सगळे झाले की मी आत नेऊन मोडते आणि परत आणते. एकदा म्हणाल्या, किती माणसं आहेत गं या घरात?

हातचं_काम

कंदिलाचं वाचून थांबले जरा. तुम्ही जे केलंत ते नेओमी फाइल नावाच्या अमेरिकन सोशल वर्कर सांगायच्या, त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं, त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. त्यांनाही आधी वाटायचं की म्हाताऱ्या माणसांना वर्तमानात खेचून आणावं, मग दिसलं की खेचलं की ती अजून आत जातात. म्हणून शब्द खरे-खोटे करत बसायचं नाही, त्यामागे काय हवंय ते बघायचं. आई वाट बघतेय म्हणजे बहुतेक वेळा मला सुरक्षित वाटत नाहीये.

आणि चार दिवसांचं मनाला लावून घेऊ नका, पण नवीन वाचणाऱ्यांसाठी एक सांगते. आयोवा विद्यापीठात एक प्रयोग झाला, २०१४ चा, अल्झायमर असलेल्या १७ जणांना दुःखी आणि आनंदी फिल्मचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने काय बघितलं ते त्यांना जवळजवळ सांगता येईना, पण मनातला उदासपणा किंवा आनंद तसाच होता. म्हणजे सायली, तुम्ही येऊन गेलात हे बाबा विसरतील, पण तुमच्या येण्याने बरं वाटलं ही भावना विसरतीलच असं नाही. खिडकीपाशी उभं राहिल्याचं पण तसंच, दुर्दैवाने.

एक काळजीचं: वागणं एकदोन दिवसांत अचानक बदललं, एकदम गोंधळ वाढला, भास व्हायला लागले किंवा झोपूनच राहिले, तर आजार वाढला म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, असलं काहीही निघतं. आणि बटणं-मणी निवडायचा खेळ छान असतो पण ज्यांना वस्तू तोंडात घालायची सवय लागलीय त्यांना देऊ नका.

सायली_४४

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. सगळं वाचलं, काकांचं तर दोनदा.

पहिल्या शनिवारी गाणी लावली, फसलं. मला आवडणारी लावली होती हे नंतर लक्षात आलं. बंद कर म्हणाले. दुसऱ्या शनिवारी कागद नेले, २०० कापले होते, कात्रीने बोटाला फोड आली. टेबलावर ठेवले, ओला स्पंज ठेवला आणि म्हटलं बाबा माझं सारखं चुकतंय. त्यांनी आधी नुसतं बघितलं. मी मनात दहा मोजले, खरंच मोजले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, गठ्ठा उचलून टेबलावर दोन बाजूंनी ठोकून सारखा केला, अंगठा स्पंजवर टेकवला आणि सुरू. तो वेग!! डाव्या हाताची बोटं कागद वाकवतायत, उजवा अंगठा ओढतोय, ओठ हलतायत, आणि एका कागदापाशी थांबले, तो बाजूला काढला. कोपरा दुमडलेला होता. म्हणाले, ही चालणार नाही, बदलून घ्या. मला लहानपणी काउंटरच्या जाळीतून दिसायचे ना, तस्सेच.

मग बोलायला लागले आपोआप. कॅश कमी भरली त्या रात्री अकरापर्यंत सगळे कसे बसले होते आणि शेवटी नोट ड्रॉवरच्या मागे सापडली. ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. शेवटी बंडलावर पट्टी गुंडाळली आणि माझ्यापुढे सरकवून म्हणाले सही करा. केली. निरखून बघितली, म्हणाले अक्षर चांगलं आहे तुमचं, घरी कोण शिकवतं? मी म्हटलं, वडील.

आता अडचण वेगळीच झालीय. मदतीला येणाऱ्या ताई सांगतात, रोज रात्री हिशोब जुळल्याशिवाय जेवायला उठत नाहीत. तीन-तीनदा मोजतात. काय करावं?

जुना_चष्मा

त्यात काय. जुळला म्हणून सांगायचं. मॅनेजरसाहेबांनी बघितलं, सगळे घरी जा म्हणालेत.

संध्याकाळची_पाळी

आणि दिवे लवकर लावा.