कानातल्या आवाजाबद्दल स्थानिक पेपर-रेडिओनं बोलावं की नाही?

निशिगंध (धागालेखिका)

माझ्या उजव्या कानात गेली 11 वर्षं बारीक शिट्टी वाजते आहे. एका सकाळी उठले तर कान दडा बसल्यासारखा झाला होता आणि आत शिट्टी सुरू. मळ असेल, सर्दी असेल, असं म्हणत वाफ घेतली, थेंब घातले. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले ती पाच आठवड्यांनी. त्यांनी ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढला आणि विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" ऐकू येणं एकाएकी कमी झालं तर स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेली बरी, तेव्हाच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते, हे मला त्या दिवशी कळलं. गेलेलं ऐकू येणं पुरतं परत आलं नाही. शिट्टी राहिली.

त्या पाच आठवड्यांत मी रोज स्थानिक पेपर वाचत होते, रोज रेडिओ ऐकत होते. त्यात एक ओळ आली असती तरी पुरलं असतं. ज्याला आपल्या दुखण्याचं नावच माहीत नाही तो शोधणार काय? 'कर्णनाद' हा शब्द माझ्याकडे नव्हता, 'टिनिटस' तर नाहीच. पेपर आपण दुसऱ्याच कशासाठी तरी उघडतो आणि नजर शेजारच्या मजकुरावर पडते. म्हणून मला स्थानिक माध्यमं महत्त्वाची वाटतात.

2022 मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगातल्या साधारण 14 टक्के प्रौढांना, म्हणजे 74 कोटींहून जास्त लोकांना, हा आवाज ऐकू येतो. 12 कोटींहून जास्त लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो. इतक्या लोकांबद्दल फक्त 3 मार्चला, जागतिक श्रवण दिनी, एक फोटो छापून भागतं का? तुम्हाला काय वाटतं?

उलटतपासणी

माझा विरोध आहे. तुमच्यावर जे गुदरलं त्याचं वाईट वाटतं, पण ती गोष्ट एकाएकी आलेल्या बहिरेपणाची आहे. त्याबद्दल जरूर लिहावं. कर्णनादाचा गाजावाजा हा वेगळा विषय आहे.

1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 प्रौढांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते नोंदवायला सांगितलं. 94 टक्क्यांनी कसला ना कसला आवाज नोंदवला. म्हणजे शांततेत कान लावून बसलं की जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी सापडतं. आता विचार करा, रात्री झोपण्याआधी हजारो लोकांनी रेडिओवर ऐकलं, "तुमच्या कानात आवाज येतो का?" किती जण त्या रात्री उशीवर डोकं टेकून ऐकत बसतील?

हे मी हवेत बोलत नाही. माझ्याही कानात आवाज आहे. दोन वर्षं होता, आणि मी नीट झोपत होतो. मग एका लेखात वाचलं, "यावर कायमचा इलाज नाही." त्या रात्रीपासून झोप उडाली ती आठ महिने. कानातला आवाज तोच होता, वाढला नव्हता. वाढली ती त्या एका वाक्यानं दिलेली भीती.

तिसरी पाळी

मी निशिगंध यांच्या बाजूनं. आमच्याकडे यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. पाळी संपली की कान वाजायचे, सकाळपर्यंत थांबायचे. सगळ्यांचे वाजायचे, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता माझे थांबत नाहीत. आठवड्याला 80 डेसिबलला 40 तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 83 ला 20 तास, 86 ला 10. हिशोब पुढे नेला तर 98 ला जेमतेम 38 मिनिटं. हा साधा हिशोब मला वयाच्या पन्नाशीत कळला.

उलटतपासणी

तिसरी पाळी, हा हिशोब छापायला माझी काहीच हरकत नाही. मोठ्या आवाजाबद्दल बोला, कानातल्या आवाजाचं नाव कशाला?

निशिगंध

कारण बहिरेपण ही वीस वर्षांनंतरची गोष्ट वाटते, तिला कुणी भीत नाही. पाळीनंतर वाजणारा कान आज वाजतो. शरीर स्वतः देतं तो इशारा हाच, आणि त्याचा अर्थच माणसाला सांगायचा नाही?

ध्वनिमापक

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. तुम्हा दोघांचंही पटतं, आणि दोघांशीही थोडं भांडायचं आहे.

आधी आवाज येतो कसा ते. आतल्या कानातल्या केसपेशी दुखावल्या की मेंदूला मिळणारे संकेत कमी होतात. ती उणीव भरून काढायला मेंदू जणू आवाज वाढवायची आपली खुंटी पिळतो, आणि बाहेर नसलेला आवाज ऐकू येतो. सगळ्यांचं कारण हेच नसतं, पण बहुतेकांचा आवाज असा समजावून सांगता येतो. दुसरी गोष्ट मला रोज पाहायला मिळते. आम्ही यंत्रावर रुग्णाचा आवाज जुळवून पाहतो तेव्हा तो बहुधा त्या माणसाला जेमतेम ऐकू येईल त्याच्यापेक्षा काही डेसिबलच वर असतो. त्रास मात्र प्रचंड. आवाजाची पातळी आणि त्रास यांचा मेळ बसत नाही. मेंदूनं त्या आवाजाला 'धोका' असं लेबल लावलं की लक्ष तिथेच खिळतं. यास्ट्रेबॉफ यांनी 1990 मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच. तेव्हा उलटतपासणी, तुमची झोप एका वाक्यानं उडाली यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

पण म्हणून गप्प बसायचं, हे मला पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार जणांना आधी कुणीतरी सांगितलेलं असतं, "काही होत नाही, सवय करून घ्या." आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त जखमा या वाक्यानं केल्या आहेत. वैद्यकीयदृष्ट्या ते निम्मं खरंही आहे, कारण मेंदूला त्या आवाजाची सवय होऊ शकते आणि उपचारांचं उद्दिष्टही तेच. पण ती कशी करायची हे न सांगता माणसाला दारातून परत पाठवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला "तरंगा" म्हणणं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं आवाजाचाही त्रास पुष्कळदा उतरतो. रात्री खोलीत पूर्ण शांतता नको, मंद आवाज असू द्यावा. भीती आणि त्रास कमी करण्यात सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या मानसोपचाराला सर्वात चांगला पुरावा आहे. पेपरात हे 'कसं' आलं तर ते वाचून झोप उडणार नाही.

शेवटचं पान

मी एका छोट्या दैनिकात पानं लावतो. आतली बाजू सांगतो. डॉक्टरांचा 800 शब्दांचा लेख येतो, जाहिरात आली की 200 उरतात. कापताना नेमकं हे 'कसं' जातं. 'असाध्य' हा शब्द मात्र मथळ्यात बसतो. मार्च 2021 मध्ये अमेरिकेतल्या केंट टेलर या उद्योजकानं आत्महत्या केली. कोविडनंतरच्या इतर त्रासांबरोबर तीव्र टिनिटसही होता, असं कुटुंबीयांनी सांगितलं होतं. अशा बातमीचा मथळा लावताना इतर सगळं गळून एकच कारण उरू शकतं. ते वाचणारा माणूस त्या रात्री एकटा असतो, हे आम्ही विसरतो.

आणखी एक, जे बोलायला मला अवघड जातं. कानाच्या लेखाखाली कानाच्या थेंबांची जाहिरात लागते. हे मी स्वतः लावलेलं आहे.

ध्वनिमापक

ते थांबवता आलं तर फार बरं होईल. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की सततच्या, त्रासदायक टिनिटससाठी जिंको, मेलॅटोनिन, झिंक अशी पूरकं सुचवू नयेत.

तिसरी पाळी

रेडिओवर तो आवाजच ऐकवला तर? माझ्या बायकोला मी सांगून थकलो. एकदा मोबाइलवर तसा आवाज लावून दाखवला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

उलटतपासणी

घरात दाखवा, जरूर. रेडिओवर नको. ज्यांना बाहेरचे साधे आवाजही सहन होत नाहीत अशी माणसं ऐकत असतात, आणि माझ्यासारखी, जी नुकती कुठे तो विसरायला लागली आहेत.

निशिगंध

हे मला सुचलं नव्हतं. मान्य. मी रेडिओसाठी आणि पेपरच्या चौकटीसाठी एक मसुदा करते आहे, बघा:

"बाहेर आवाज नसताना कानात शिट्टी, गुणगुण ऐकू येणं याला कर्णनाद म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत तो धोक्याचा नसतो. पण ऐकू येणं एकाएकी कमी झालं तर त्याच दिवशी तपासून घ्या. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवा. यावर अजून कायमचा इलाज नाही, पण त्रास कमी करता येतो."

उलटतपासणी

"कायमचा इलाज नाही" काढा.

निशिगंध

खरं ते लपवायचं नाही. आणि ती जागा रिकामी ठेवली तर थेंबवाले भरतील.

उलटतपासणी

लपवू नका, पण तिथे नको. असं करा: "आवाज बंद करण्याची हमी देणाऱ्या थेंबांवर, गोळ्यांवर पैसे घालवू नका. त्रास कमी करता येतो, ऑडिओलॉजिस्टना भेटा." म्हणणं तेच आहे, आणि वाचणाऱ्याच्या हातात पुढचं काम येतं. मोहिमेला माझा विरोध अजून आहे, ते फलक, ते जागृतीचे आठवडे, ती भाषणं. या चौकटीला नाही.

शेवटचं पान

चौकट बसेल. आरोग्याच्या पानावर नाही लावणार, हवामानाखाली लावतो. तिथली जागा कापली जात नाही.

उलटतपासणी

आणि एकाएकी ऐकू न येण्याचं वाक्य सगळ्यात वर घ्या. निशिगंध यांना त्या पाच आठवड्यांत तेच हवं होतं.