एक गुंठा, काळी माती : पायाबद्दल सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. बार्शीजवळ आमचा एन.ए. (बिगरशेती) झालेला एक गुंठ्याचा प्लॉट आहे, ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. रस्ता पूर्वेला. चारी बाजूंची समासिक अंतरं (नियमाने मोकळी ठेवायची जागा) सोडल्यावर हातात फार थोडी जागा उरते. खाली हॉल, स्वयंपाकघर, आई-बाबांची खोली आणि संडास-बाथरूम हवंच, कारण दोघांनाही जिना चढवत नाही. आमची खोली वर.

खरी काळजी मातीची आहे. जमीन काळी, खोल. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेजारच्या दोन घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा गेलेल्या दिसतात. ठेकेदार म्हणतात, पाच फूट खड्डे घेऊन साधे फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पसरट पाया) करू, वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची आडवी तुळई) टाकू. इंजिनिअर म्हणतात, अंडर-रीम्ड पाइल घ्या, म्हणजे जमिनीत खोल ओतलेला, तळाशी फुगीर केलेला काँक्रीटचा खांब; त्याचा हा फुगीर भाग जमिनीखाली साडेतीन मीटरच्या आसपास, ओल फारशी बदलत नाही तिथे बसतो. मला इंजिनिअरांचं पटतं, पण खर्च वाढतो.

सोलापूर, धाराशिव, लातूर भागात काळ्या मातीत घर बांधलेल्यांनी कृपया सांगा, पाया कोणता घेतला आणि काही वर्षांनी भिंती कशा आहेत? मुरूम भरून भागलं का? एवढ्या लहान घराला माती परीक्षण केलंत का?

आणि जिना आत घ्यावा की बाहेर? आत घेतला तर हॉल फारच आखडतो. नकाशा मंजुरीला देण्याआधी हे ठरवायचं आहे.