आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आणि ट्रान्झिस्टर

प्रश्न (खानापूर): आजोबांचा व्हॉल्व्हचा (आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ तापल्याशिवाय बोलत नाही. महायुद्धानंतर लगेच ट्रान्झिस्टर, म्हणजे व्हॉल्व्हचे काम करणारा छोटा भाग, कसा निघाला, हे कोणी सांगेल का?

उत्तर (बेळगाव): युद्धकाळात रडारसाठी जर्मेनियम व सिलिकॉन हे अर्धवाहक पदार्थ शुद्ध स्वरूपात तयार करण्याचे तंत्र पुष्कळ सुधारले होते, त्याच पायावर डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमचा पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यात व्हॉल्व्हसारखी तापवायची तार नसते, म्हणून वीज फारच कमी लागते.

उत्तर (निपाणी): त्याच प्रयोगशाळेतल्या शॉकली यांना वगळू नका, काका. अधिक उपयोगी ठरलेला जंक्शन ट्रान्झिस्टर (अर्धवाहकाचे थर जोडून केलेला) त्यांचा. १९५६ चे नोबेल तिघांना मिळाले. आमच्या तंबाखूच्या वखारीत सेलवरचा रेडिओ दिवसभर वाजायचा, तो त्यामुळेच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तरीही आजोबांचा रेडिओ मोडीत काढणार नाही.